‘डू द राइट थिंग’ वस्तीत दाखवताना

स्पाइक ली यांचा ‘डू द राइट थिंग’ १९८९ साली आला. ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागातली एकच गल्ली, उन्हाळ्यातला सगळ्यात उकाड्याचा एकच दिवस आणि कोपऱ्यावरचं एक पिझ्झाचं दुकान, एवढ्यात त्यांनी अख्ख्या अमेरिकेचं रूपक उभं केलंय. मालक इटालियन, गिऱ्हाईक काळं, समोरचा किराणावाला कोरियन, आणि पोलीस गोरे. हा चित्रपट मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या आमच्या वाचनालयात दाखवायचा आणि नंतर त्यावर मोकळेपणी बोलायचं, असं मी मनावर घेतलं होतं. ते पार पडलं. कुणाला आपल्याकडे असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय, आणि त्या संध्याकाळी लोक जे बोलले ते हवेत विरून जाऊ नये म्हणूनही.

हाच चित्रपट का, असं समितीतल्या एकांनी विचारलं होतं. उत्तर आमच्याच कपाटात होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून नाव घेऊन. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. इतकं जुनं नातं आहे म्हटल्यावर समितीनं मान डोलावली.

मग परवानगी. घरी घेतलेली डिस्क किंवा ओटीटीचं खातं घरापुरतंच असतं. माणसं जमवून दाखवायचं तर हक्कधारकांची लेखी संमती घ्यावी लागते, तिकीट नसलं तरी. युनिव्हर्सलचा हा चित्रपट. त्यांच्या वतीनं काम पाहणाऱ्यांना मेल केला, की जागा किती माणसांची, खेळ किती, तिकीट आहे का, प्रत कुठली, असे प्रश्न येतात. सगळी उत्तरं पहिल्याच मेलमध्ये दिली तर काम लवकर होतं. शुल्क आम्ही वर्गणीतून भरलं. सेन्सॉरच्या बाबतीत चित्रपट संस्थांना सभासदांच्या खेळांपुरती सवलत असते, म्हणून अशा एका संस्थेला सोबत घेतलं आणि खेळ सभासदांसाठीच ठेवला.

वाचनालयाची खोली लहान पडणार हे दिसत होतं, म्हणून जवळच्या एका सभागृहाशी बोलणं केलं होतं. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली, ‘म्हणजे शेवटी दंगल होते?’ असं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तारीख काढून घेतली. मला राग आला. चित्रपट अमेरिकेत लागायच्या वेळी तिथल्या काही गोऱ्या समीक्षकांनीही हेच लिहिलं होतं, की काळी पोरं बघतील आणि रस्त्यावर उतरतील. तसं काही झालं नाही. शेवटी वाचनालयातलीच टेबलं बाहेर काढली, सतरंज्या घातल्या.

मध्यंतर ठेवायचं नाही, यावर मी अडून बसले. दोन तासांचा चित्रपट आहे, मध्ये चहा हवाच, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. पण या चित्रपटात उकाडा हळूहळू चढत जातो. १९८८ च्या उन्हाळ्यात स्टायव्हसंट अ‍ॅव्हेन्यूच्या एका पट्ट्यातच सगळं चित्रीकरण झालं. पिझ्झेरिया आणि किराणा दुकान मोकळ्या जागांवर बांधून काढली. कलादिग्दर्शक विन थॉमस यांनी भिंती लाल-केशरी रंगवल्या, छायालेखक अर्नेस्ट डिकरसन यांनी भिंगाखाली ज्योत धरून हवा थरथरती केली. तीन म्हातारे ज्या लालभडक भिंतीपुढे दिवसभर गप्पा छाटत बसतात, ती भिंत बघूनच घाम फुटतो. रेडिओवरचा निवेदक तमाशातल्या सूत्रधारासारखा मधूनमधून गल्लीची खबर देत राहतो. अशा ठिकाणी दिवे लावून बिस्किटं वाटली तर चढलेलं सगळं उतरतं. चहा आधी दिला.

खरी मेहनत पत्रकावर झाली. इंग्रजी उपशीर्षकांवर सगळ्यांचं भागणार नव्हतं, म्हणून दोन बाजूंचं मराठी पत्रक केलं. एका बाजूला पात्रं: दुकानाचा मालक सॅल, त्याची दोन मुलं, पिझ्झा पोचवणारा मूकी, मोठा टेपरेकॉर्डर घेऊन फिरणारा रेडिओ रहीम, दुकानाच्या भिंतीवर एकही काळा चेहरा का नाही म्हणून भांडणारा बगिन आउट. दुसऱ्या बाजूला अर्पणपत्रिका. चित्रपटाच्या शेवटी सहा कुटुंबांची नावं येतात आणि बहुतेक ठिकाणी तोवर दिवे लागलेले असतात. एलेनॉर बंपर्स, वय ६६, थकलेल्या भाड्यासाठी घराबाहेर काढायला आलेल्या पोलिसांनी १९८४ मध्ये त्यांना ब्राँक्समधल्या राहत्या घरात गोळ्या घातल्या. मायकेल स्टुअर्ट, १९८३ मध्ये भुयारी रेल्वेच्या स्थानकात भिंतीवर लिहिलं म्हणून धरलेला तरुण, पोलिसांच्या ताब्यात बेशुद्ध झाला आणि पुढे दवाखान्यात मेला. मायकेल ग्रिफिथ, १९८६ च्या डिसेंबरात गाडी बंद पडली म्हणून सोबत्यांबरोबर क्वीन्समधल्या हॉवर्ड बीचला एका पिझ्झेरियात शिरला. गोऱ्या पोरांच्या टोळक्यानं पाठलाग केला आणि हमरस्त्यावर गाडीखाली तो मेला. आर्थर मिलर, एडमंड पेरी, इव्हॉन स्मॉलवुड ही बाकीची नावं. ही बाजू आधी वाचा, असं मी दारातच सांगत होते.

खेळाच्या वेळी रहीमच्या मृत्यूपाशी खोली गप्प झाली. सॅल बॅटनं त्याचा टेपरेकॉर्डर फोडतो, रहीम सॅलचा गळा धरतो, मारामारी रस्त्यावर येते. पोलीस रहीमच्या गळ्याला काठीचा फास लावतात. कॅमेरा खाली जातो आणि जमिनीपासून सुटलेले त्याचे बूट दिसतात, आधी झटके देणारे, मग लोंबणारे. नंतर मूकी कचऱ्याचा डबा उचलून दुकानाच्या काचेवर फेकतो आणि दुकान जळतं.

चर्चेला मी एकच नियम घातला होता: पहिल्या फेरीत मत सांगायचं नाही, काय पाहिलं ते क्रमानं सांगायचं. स्पाइक ली यांनी अनेकदा सांगितलंय की मूकीनं डबा फेकला ते बरोबर होतं का, हा प्रश्न त्यांना गोरे प्रेक्षक विचारतात, काळ्या माणसानं कधी विचारला नाही. आमच्याकडे काय होतं ते मला बघायचं होतं. पहिल्याच मुलानं सुरुवात डब्यापासून केली. ‘त्याच्या आधी काय झालं?’ असं मी विचारलं. तो थांबला, म्हणाला, ‘तो मेला.’ मग क्रम लागत गेला.

वडापावची गाडी चालवणारे एक दादा सॅलच्या बाजूनं बोलले. पंचवीस वर्षं ज्यानं पोरांना खाऊ घातलं त्याचं दुकान जाळणं त्यांना सहन झालं नव्हतं. महापालिकेनं गाडी उचलली की घर कसं बसतं ते त्यांना ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं खोडावं असं मला वाटलं नाही, कारण स्वतः ली यांनीही सॅलला राक्षस केलेलं नाही. त्यावर मागे बसलेले एक काका उठले. ते घाटकोपरच्या रमाबाई नगरचे. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. काका म्हणाले, ‘तेव्हा पेपरात, टीव्हीवर, जो तो टँकरचंच बोलत होता. गॅसचे टँकर पेटले असते म्हणे. मेलेल्यांचं कोण बोललं?’ पोलिसांचा टँकरचा तो बचाव गोळीबाराची चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगानं मान्य केला नव्हता आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला होता, एवढीच भर मी घातली. दादा काकांकडे बघत म्हणाले, ‘माझी गाडी परत येते. ते बरोबर आहे.’

कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं वेगळाच प्रसंग धरला. मूकी सॅलच्या थोरल्या मुलाला, पिनोला, विचारतो, तुझा आवडता खेळाडू कोण, नट कोण, गायक कोण, आणि सगळी नावं काळ्यांची निघतात. पिनो म्हणतो, ते वेगळे, ते तुमच्यासारखे नाहीत. ती म्हणाली, ‘वर्गात मला हेच सांगतात, तू वाटत नाहीस तशी. आणि खोली बघायला गेलं की आडनाव विचारतात.’

पैशाचं मात्र एका मावशींनीच काढलं. त्या चार घरी कामाला जातात. दुसऱ्या सकाळी मूकी जळक्या दुकानापुढे येतो आणि आठवड्याचा पगार मागतो, २५० डॉलर. सॅल चिडून शंभराच्या पाच नोटा त्याच्या अंगावर फेकतो. मूकी दोन परत टाकतो. नोटा रस्त्यावर पडून राहतात आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात. मावशी म्हणाल्या, ‘हक्काचेच पैसे, पण वाकून उचलायला लावले. आमच्याकडे पण महिना झाला की असंच, टेबलावर ठेवतात, हातात देत नाहीत.’ मी हा चित्रपट कितीदा पाहिलाय, पण त्या नोटांकडे अशा नजरेनं पाहिलं नव्हतं. वर्गाबद्दल या चित्रपटाला जे म्हणायचंय ते मला त्या फुटपाथवर सगळ्यात स्पष्ट दिसतं: दुकान जळून जातं, मालक आणि गडी हे नातं तसंच उरतं.

कोरियन दुकानदारावर वाद पेटला. जमाव त्याच्याकडे वळतो तेव्हा तो झाडू फिरवत ओरडतो, मीही काळाच, आपण एकच. लोक हसतात आणि त्याला सोडून देतात. एकजण म्हणाला, हीच खरी एकजूट. मागून लगेच प्रश्न आला, मग आपल्या नाक्यावरच्या भैयाला आपण काय बोलतो? पाण्याचे पाइप घेऊन आलेले अग्निशामक, गर्दीतून उठलेल्या ‘हॉवर्ड बीच’च्या आरोळ्या, मार्टिन लूथर किंग आणि माल्कम एक्स या काळ्या नेत्यांची चित्रपटाच्या शेवटी येणारी हिंसेबद्दलची दोन विरुद्ध अवतरणं, यावर बोलायचं राहिलं ते या वादामुळे. मला त्याचं वाईट वाटत नाही. एरिक गार्नर हे काळे गृहस्थ २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडला पोलिसानं गळा आवळल्यामुळे गेले, तेव्हा ली यांनी त्या घटनेची चित्रफीत आणि रहीमचा प्रसंग एकत्र जोडून दाखवला होता, हे मी अखेरीस सांगितलं, तोवर वॉचमन किल्ल्या घेऊन उभा होता.

पुढचा खेळ शेजारच्या वस्तीतल्या महिला मंडळासाठी आहे आणि संमतीसाठी नव्यानं मेल केलाय. पत्रकात आता सहा नावं पहिल्या बाजूला घेतली आहेत. मावशींनी येऊन चर्चेची सुरुवात करायचं कबूल केलंय, आणि त्यांना डब्यापासून नाही, पगारापासून सुरुवात करायची आहे.