खुलभर दुधाचा प्रश्न

"मग राजाने वासरांचं दूध परत दिलं का?"

आई श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी वाचत होती आणि भाचीने मध्येच विचारलं. आई थांबली. कहाणीत याचं उत्तर नाही.

राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते, घरचं सगळं दूध देवळात आणा. धाकापोटी लोक लेकरांना, वासरांनाही थेंब ठेवत नाहीत. तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरच्या पोरांना, लेकीसुनांना, गाईवासरांना खाऊपिऊ घालून खुलभर, म्हणजे अगदी थोडंसं, दूध घेऊन येते आणि गाभारा काठोकाठ भरतो.

इतकी वर्षं मी ही भक्तीची गोष्ट समजून ऐकली. आज मात्र पुढचं टोचलं. राजा कारण विचारतो तेव्हा म्हातारी लगेच बोलत नाही. राजा अभय देतो, मगच ती सांगते, की तुझ्या हुकुमाने वासरं तळमळली, माणसं तळमळली, हे देवाला आवडत नाही.

खरं सांगायला अभय लागलं! भुकेलं वासरू तर गावात घरोघरी हंबरत असणार. ऐकू सगळ्यांना येत होतं, पण तोंड कुणी उघडलं नाही.

आणि ज्या बायकांनी ही कहाणी पिढ्यानपिढ्या सांगितली, त्यांनी राजाची चूक थेट पूजेत आणून ठेवली. हातात अक्षता घेऊन ऐकायची, दरवर्षी. मला याचं फार अप्रूप वाटतं.

तुमच्याकडची पोरं कहाणी ऐकताना कुठे अडवतात?