तुम्ही विचारलंत म्हणून: सीडी४१ कशाला?

“उंदराच्या गर्भात पहिलं रक्त शोधताना तुम्ही सीडी४१ का लावता? तो तर प्लेटलेटचा मार्कर. सीडी४५ का नाही?” लॅबमध्ये नवीन आलेले बहुतेक जण हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. मार्कर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं, तिची ओळख पटवणारं प्रथिन; सीडी४५ हा पांढऱ्या रक्तपेशींचा. पाठ्यपुस्तकातले मार्करचे तक्ते प्रौढ उंदराचे असतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

गर्भात सीडी४५ उशिरा उगवतो. योक सॅकमध्ये, म्हणजे गर्भाबाहेरच्या पिशवीत, रक्तनिर्मिती गर्भाच्या सातव्या-साडेसातव्या दिवशीच सुरू होते. तिथल्या पूर्वज पेशींवर सीडी४१ आणि सी-किट हे मार्कर सापडतात, सीडी४५चा मात्र पत्ता नसतो. नुसता त्याच्यावर भरवसा ठेवलात, तर रक्त बनत असतानाही तुमचा प्लॉट (फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींवरचे मार्कर मोजणाऱ्या यंत्राचा आलेख) कोराच राहणार.

खरी गंमत साडेदहाव्या दिवशी, महाधमनीत. तिच्या अस्तरातल्या काही पेशी गोल होतात, आत झुकतात, पुंजके धरतात. यातल्या ज्या पुढे स्टेम सेल, म्हणजे सगळ्या रक्तपेशींची मूळ पेशी, होणार, त्यांच्यावर व्हीई-कॅडहेरिन हा रक्तवाहिनीचा मार्कर अजून असतो आणि जोडीला मंद सीडी४१. मग सीडी४३ हा रक्तपेशींचा मार्कर येतो, सीडी४५ त्याच्याही नंतर. म्हणजे एकच पेशी अर्धी भिंत, अर्धं रक्त. गेटिंग करताना, म्हणजे आलेखावर हव्या त्या पेशी निवडताना, ‘एंडोथेलियल’ (रक्तवाहिनीच्या अस्तराची) म्हणून तिला बाहेर काढलंत की संपलं. पुढे यकृतात पोचलेल्या स्टेम सेलवर मॅक-१ हा मार्करही दिसतो. प्रौढ अस्थिमज्जेत त्याच मार्करवरून आपण मायलॉइड पेशी (पांढऱ्या पेशींचा एक गट) वेगळ्या काढतो!

म्हणून नुसत्या मार्करवरून कुणी ‘स्टेम सेल सापडली’ म्हटलं, तर मी मान डोलावत नाही. किरणोत्सर्ग दिलेल्या प्रौढ उंदरात ती पेशी घाला आणि चार महिन्यांनी त्याच्या रक्तात तिची प्रजा आहे का बघा. पुंजक्यांत सी-किटवाल्या पेशी शेकडो असतात, पण साडेअकराव्या दिवशीसुद्धा महाधमनीच्या त्या सगळ्या भागात या परीक्षेला उतरणारी पेशी जेमतेम एक निघते.

बाकी व्यवहारातलं. दिवस मोजून थांबू नका, सोमाईटच्या (गर्भाच्या पाठीलगतच्या ठोकळ्यांच्या) जोड्या मोजा. एकाच विणीतले गर्भ पुढेमागे असतात. पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन हे विकर नको, ते पृष्ठभागावरची प्रथिनंच कापून टाकतं, कोलॅजिनेज वापरा. आणि थोड्या मोठ्या गर्भात सीडी४१ फारच छान दिसायला लागला, तर आधी पेशींना प्लेटलेट चिकटल्यात का ते तपासा.