लेकीला घरी शिकवायचं ठरवलं, मग सरकारदरबारी काय काय करावं लागलं

"शाळेतून काढलंस, पण मग परवानगी कोणाची घेतलीस?" हे मला इतक्या जणींनी विचारलंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आम्ही मेलबर्नला राहतो, म्हणजे व्हिक्टोरिया राज्यात. इथे ६ ते १७ वयाचं मूल एकतर शाळेत हवं नाहीतर घरच्या शिक्षणासाठी रजिस्टर केलेलं हवं. हे काम व्हीआरक्यूए नावाची सरकारी ऑथॉरिटी बघते, आम्ही केलं तेव्हा फी काही नव्हती आणि आईबापाने बीएड केलेलं असावं अशी अटही नाही. आपल्याकडे अशी नोंदणीच नसते ना, एनआयओएस म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, किंवा बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवायचं एवढंच लोकांना माहीत, त्यामुळे सांगलीला बाबांना जेव्हा कळलं की इथे सरकार रीतसर सर्टिफिकेट देतं तेव्हा त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

लेक तेव्हा ८ वर्षांची होती. रोज सकाळी बूट घालता घालता पोट धरून खाली बसायची, डॉक्टरांना पोटात काही सापडेना, आणि शनिवार-रविवारी पोट एकदम ठणठणीत. सहा महिने हे बघितलं आणि मग ठरवलं.

फॉर्म सोपा आहे, जन्मदाखला वगैरे. खरं काम म्हणजे लर्निंग प्लॅन. तो २०१८ पासून द्यावा लागतो. आठ विषयक्षेत्रं आहेत, इंग्लिश, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, कला, भाषा, आरोग्य-व्यायाम आणि टेक्नॉलॉजी. मी पहिल्यांदा बसून चक्क ९ ते ९:४५ इंग्लिश, मग गणित असं टाइमटेबल केलं, नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला अगं तू तर तीच शाळा घरात आणतेयस. मग नियम परत नीट वाचले तर त्यांना एवढंच हवं असतं की कधी आणि कुठे शिकवणार, काय शिकवणार, साहित्य कुठलं आणि प्रगतीची नोंद कशी ठेवणार. शाळेचाच अभ्यासक्रम घ्या असंही म्हणत नाहीत. कागद फाडला आणि पुन्हा लिहिला.

"भाषा" या रकान्यात मी मराठी लिहिलं. माझ्या आईशी रोज अर्धा तास व्हिडिओ कॉल, एक म्हण, ती लेक तारखेसकट वहीत उतरवते, म्हणजे नोंद आपोआप होते. लेकीला "ळ" म्हणता येत नव्हता, फळाला फल म्हणायची. आईने फोनवरून तिला तळ्यात-मळ्यात खेळायला लावलं, इकडे हॉलमध्ये सतरंजीवर ही उड्या मारतेय आणि तिकडे आई ओरडतेय "तल्यात नाही गं, तळ्यात!" पंधरा दिवसांत जीभ वळली. हेही प्लॅनमध्ये लिहिलं, साहित्य म्हणून सतरंजी नाही लिहिली एवढंच.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, मंजुरी हातात येईपर्यंत मुलाचं नाव शाळेतून काढू नका. २८ दिवसांत कळवतात, आम्हाला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे तिला शाळेत पाठवणं मला फार जड गेलं, रोज फ्रिजवरच्या कॅलेंडरवर ती एक एक दिवस खोडायची.

आणि सिडनीच्या मैत्रिणीचा फॉर्म बघून भरू नका, तिकडे न्यू साउथ वेल्समध्ये वेगळी ऑथॉरिटी आहे, त्यांचा माणूस भेटून तुमची तयारी बघतो. इथे मंजुरीआधी कोणी येत नाही. नंतर दरवर्षी साधारण १० टक्क्यांपर्यंत घरांचा आढावा घेतात, तोही फोनवर किंवा लेखी चालतो, आणि पुढच्या वर्षी चालू ठेवणार की नाही ते ३० नोव्हेंबरच्या आत कळवायचं.

माझा प्लॅन कोणाला बघायचा असेल तर सांगा, नाव-पत्ता काढून पाठवते.