वहिनीने दिलेला शब्द

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

रविवारपासून वहिनीचं एक वाक्य काट्यासारखं सलतंय. दादाकडून निघताना मी चप्पल घालत होते, तेव्हा ती दाराशी येऊन हळूच म्हणाली, "तुझ्यासारखा संयम मला यायला हवा गं." अगदी मनापासून म्हणाली, म्हणूनच जास्त लागलं.

मी शांत नव्हतेच. "तेव्हा तू कुठे होतीस?" असं दादा म्हणाला त्याच क्षणी माझं उत्तर तयार होतं, तारखांसकट. हातात चहाचा कप होता, वर साय धरलेली. मी त्या सायीकडे बघत बसले. कडेला चिकटलेली, मधोमध सुरकुतलेली साय. कपाचा कान इतका आवळून धरला होता की रिक्षात बसल्यावरही बोटावर वळ होता. वाद पाटल्यांवरून निघाला होता. त्यांचं मला काही नाही, त्या कोणीही घ्याव्यात. पण 'कुठे होतीस'?

असो.

एकवीस वर्षं बी.ए.च्या मुलांना अ‍ॅरिस्टॉटल शिकवला. 'निकोमाखियन एथिक्स' या त्याच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथातलं सातवं पुस्तक, म्हणजे सातवा भाग, आला की फळ्यावर लिहायचे 'एन्क्रातेइया' आणि पुढे 'संयम'. त्याआधी 'सोफ्रोसिनी' होऊन गेलेली असायची. तिच्याही पुढे 'संयम'च लिहिलेलं. दोन्हींतला फरक तोंडी सांगायचे, मुलं उतरवून घ्यायची. सोफ्रोसिनी ज्याच्याकडे आहे त्याच्या मनात वावगी ओढ उठतच नाही. एन्क्रातेइया असलेल्याच्या मनात ती उठते, चांगली जोरात उठते, तरी तो विवेकाचं ऐकतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी पहिला वरचा. एकाच मराठी शब्दात मी दोघांना कोंबत आले आणि परवा वहिनीने तोच शब्द माझ्या हातात ठेवला. तिला पहिला अर्थ अभिप्रेत होता. माझ्याकडे फार तर दुसरा.

'एन्क्रातेइया'च्या पोटात 'क्रातोस' आहे, म्हणजे सत्ता, जोर. 'देमोक्रातिया'मध्ये, म्हणजे लोकशाहीत, आहे तोच. सत्ता म्हटली की कोणावर तरी चालवायची आली. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या चौथ्या पुस्तकात सॉक्रेटिस नेमकं इथेच बोट ठेवतो: स्वतःपेक्षा बलवान असलेला माणूस स्वतःपेक्षा दुबळाही ठरणार, कारण माणूस एकच. पुढे तो मनाचे भाग पाडून ही गाठ सोडवतो. मी मात्र परवापासून त्या गाठीतच अडकले आहे. रविवारी त्या खुर्चीत जिंकलं कोण आणि हरलं कोण? मराठी बायबलमध्ये, गलतीकरांस पत्रात, 'एन्क्रातेइया'लाच 'इंद्रियदमन' म्हटलंय. मला तो पूर्वी फार कडक वाटायचा. आता वाटतं, निदान खरा तरी आहे. दमन झालं होतं, हे बोटावरच्या वळाला माहीत आहे.

हिला काही लागतच नाही, असं सगळ्यांना वाटतं. लहानपणापासून. रडणाऱ्याला जवळ घेतात आणि गप्प बसणाऱ्याला शाबासकी देतात. मला शाबासकी नको होती गं वहिनी. त्या वेळी तू 'अहो, असं काय बोलता' एवढं जरी म्हणाली असतीस…

हे लिहून झाल्यावर उठून पाणी प्यायले आणि पुन्हा सातवं पुस्तक काढलं. रागाबद्दल तिथे जे आहे ते इतकी वर्षं शिकवूनही आज नव्याने वाचल्यासारखं झालं. राग म्हणजे घाईचा नोकर. पूर्ण निरोप ऐकण्याआधीच तो धावत सुटतो आणि भलतंच करून बसतो. किंवा दारावर थाप पडताच, आलेला आपला की परका हे न बघता भुंकणारा कुत्रा. म्हणजे राग ऐकतो, पण अर्धवट. रविवारी मी तरी पूर्ण ऐकलं का? आज आठवायला बसले तर 'कुठे होतीस'च्या नंतर दादा आणखी काहीतरी म्हणाला होता. त्याचा आवाज बसला होता. पण शब्द एकही आठवत नाही. मी सायीकडे बघत होते.

मग त्याच पुस्तकात पुढे तो तिसरा शब्द भेटला: 'कार्तेरिया', म्हणजे तग धरणं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, तग धरणं वेगळं आणि ताबा मिळवणं वेगळं. न हरणं आणि जिंकणं वेगळं असतं तसं. दुःखापुढे टिकणं ते कार्तेरिया, सुखाच्या ओढीवर मात ती एन्क्रातेइया. दादाचे शब्द दुखले, तिथवर मी तगले. पण जिभेवर आलेल्या त्या उत्तराचा गोडवा? होमरच्या 'इलियड' महाकाव्याच्या अठराव्या सर्गात योद्धा अकिलीस आईजवळ म्हणतो की राग मधाहून गोड असतो आणि छातीत धुरासारखा वाढत जातो. त्या गोडीवर मी ताबा मिळवलेलाच नाही. उत्तर गिळलं नाही, गालात धरून ठेवलंय. गेल्या दोन रात्री अंथरुणावर ते मनातल्या मनात म्हणते आहे, दर वेळी थोडं अधिक धारदार करून.

तेव्हा वहिनीचा शब्द परत. कार्तेरिया चालेल. तो खालचा असेल, पण माझा आहे, आणि हे लिहिताना छातीवरचं थोडं उतरलं.

दादाचा रविवारी रात्रीचा मेसेज तसाच पडून आहे, 'पोचलीस का?' तगून राहायच्या नादात त्यालाही उत्तर दिलं नाही. आता बारा वाजत आले, तो जागा असेल. मेसेज नको, फोनच करते. आणि विचारते, त्या दिवशी पुढे काय म्हणत होतास.