आमची वाटचाल : आधी माप, मग रिम

दोन जॅक, एक टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) आणि आम्ही दोघे भागीदार, एवढ्यावर सुरुवात झाली. काम ठरलेलं होतं : छोट्या हॅचबॅक गाड्यांना अलॉय (मिश्रधातूच्या रिम) बसवायचे आणि गाडी थोडी खाली घ्यायची. गिऱ्हाईक फोटो दाखवायचं, आम्ही तशी रिम मागवायचो. पीसीडी ४×१००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर नटांची चार भोकं, जुळला की आमच्या लेखी काम झालं.

हा समज एका गाडीने मोडला. तिची मूळ रिम साडेपाच जेची (म्हणजे साडेपाच इंच रुंद), ईटी ४५ (ईटी म्हणजे ऑफसेट : रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर). आम्ही बसवली ७ जे, ईटी ३५. उभी असताना गाडी देखणी दिसत होती. मालक घरच्यांना घेऊन निघाले आणि तासाभरात परत आले. मागच्या टायरच्या खांद्यावर गोल ओरखडा उमटला होता, मडगार्डच्या आतल्या कडेचा रंग सोलून पत्रा उघडा पडला होता. त्या रात्री कागद घेऊन बसलो. रिम दीड इंच जास्त रुंद, म्हणजे दोन्ही अंगांना १९ मिलिमीटर. ऑफसेट १० ने कमी, म्हणजे सगळं चाक आणखी १० बाहेर. बाहेरची कड २९ मिलिमीटर पुढे आली होती. साधी बेरीज होती, पण ती आम्ही आधी केली नव्हती. रिम बदलून दिल्या, मडगार्डही रंगवून दिलं.

तेव्हापासून गाडी आली की आधी हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतो. जमिनीपासून घेतलं तर टायरची हवासुद्धा आकडा बदलते. नवी रिम चढवल्यावर मागच्या सीटवर माणसं बसवतो, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवतो. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली फट भरणारी रिंग घातल्याशिवाय गाडी सोडत नाही. नाहीतर बॅलन्सिंग कितीही करा, वेगात स्टीअरिंग थरथरू शकतं.

खरी परीक्षा गाडी खाली घेण्याच्या कामात झाली. "स्प्रिंगचे दोन वेढे कापून द्या," ही मागणी रोजची. आम्ही ती कधीच पुरी केली नाही. कापलेली स्प्रिंग असलेली गाडी जॅकवर घेतली आणि चाक लोंबकळलं, की स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल खुळखुळते. खड्ड्यातून चाक असंच लोंबलं तर ती जागा सोडू शकते. शिवाय वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, शॉकअपला हलायला जागा उरत नाही आणि गाडी बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आदळत राहते. पुढच्या चाकांच्या मॅकफर्सन सस्पेन्शनचं (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात ते) आणखी एक आहे : गाडी फार खाली गेली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) उलट्या कोनात जातो, रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीपेक्षा जास्त खाली उतरतो आणि वळणावर गाडी उलट जास्त कलू शकते. म्हणून आम्ही २५ ते ३० मिलिमीटरवर थांबतो, तेही त्या गाडीसाठीच बनलेल्या स्प्रिंगांवर आणि धड शॉकअपांवर. या नकारापायी बरीच गिऱ्हाइकं गेली. पहिली दोन वर्षं ओढाताणीत काढली, पण करवत हातात घेतली नाही.

टायरच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. १६५/८० आर १४ (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) असलेल्या गाडीला १८५/६५ आर १५ घ्या. १९५/५५ आर १६ सुद्धा बसतो. तिन्हींचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर जवळजवळ जागच्या जागी राहतो. पण १५ मध्ये टायरची भिंत उंच राहते, रिम वाचते. निवडताना रिमचं वजन आणि तिच्यावर छापलेली भारक्षमता जरूर बघा.

पुढे अलाइनमेंटचं (चाकांचे कोन मोजायचं) मशीन घेतलं, कारण गाडी खाली घेतली की टो (वरून बघता चाकांचं आत-बाहेर वळणं) आणि कॅम्बर (समोरून बघता चाकांचं आत-बाहेर कलणं) दोन्ही हलतात. बाहेर पाठवून दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबायचं नव्हतं. गाडी १०० किलोमीटर चालली की परत बोलावतो : नट टॉर्क रेंचने तपासतो, टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवतो आणि हेडलाइटची उंची भिंतीवर धरून बघतो.