पगाराचे पाकीट आणि आईचा बटवा

माझे आजोबा लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात कामाला होते आणि त्यांचा पगार महिन्याच्या दहा तारखेला होत असे. त्या दिवशी पाळी सुटण्याच्या आधीच आजी गिरणीच्या फाटकापाशी जाऊन उभी राहत असे. ती एकटी नसे, चाळीतल्या कितीतरी बायका तिथे असत. आजोबांवर विश्वास नव्हता असे तिने कधीही म्हटले नाही. फाटकापासून चाळीपर्यंतच्या वाटेवर वाणी, व्याजाने पैसे देणारा आणि दारूचा गुत्ता होता, आणि प्रत्येक ठिकाणी पगारातून थोडेथोडे गळत असे, एवढेच ती सांगत असे. जे पाकीट घरात पोचेल तेवढाच आपला पगार, असा तिचा हिशेब होता.

मी ब्रिटनमध्ये राहायला आले त्याला आता वीस वर्षे होतील. दर गुरुवारी संध्याकाळी मी आमच्या भागातील सभागृहात सरकारी साहाय्याचे अर्ज भरायला लोकांना मदत करते. येणारी बहुतेक माणसे नोकरी करणारी असतात. कोणी कार्यालयांची साफसफाई करते, कोणी गोदामात रात्रपाळी करते, कोणी वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करते. घरात पगार येतो, पण घरभाडे आणि मुलांचा खर्च त्यात भागत नाही, म्हणून ती युनिव्हर्सल क्रेडिट ही कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत मागतात. अर्ज भरताना एक प्रश्न असा येतो की त्यापाशी नवरा-बायको हमखास थबकतात. पैसे कोणाच्या खात्यावर जमा करायचे? त्या प्रश्नामागे या देशातला ऐंशी वर्षांचा वाद उभा आहे, आणि त्याविषयी लिहावे असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते.

या वादाची सुरुवात एलिनॉर रॅथबोन या समाजसेविका आणि पुढे खासदार झालेल्या बाईंपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बायकांना सरकारकडून थेट भत्ता मिळू लागला, तेव्हा लिव्हरपूलमध्ये त्याच्या वाटपाचे काम त्या पाहत होत्या. मुलांच्या संख्येप्रमाणे वाढणारी आणि ठरलेल्या दिवशी हातात पडणारी ती रक्कम घराचे आणि मुलांचे रूप कसे पालटते, हे त्यांनी स्वतः पाहिले. पगार कामगाराला त्याच्या कामाप्रमाणे मिळतो, त्याच्या घरी किती तोंडे आहेत हे पगार पाहत नाही, ही त्यांची मांडणी मला आजही बिनतोड वाटते. पुढची पंचवीस-तीस वर्षे त्यांनी याच मागणीचा पाठपुरावा केला. १९४५ मध्ये कुटुंब भत्त्याचे विधेयक अखेर संसदेत आले, तेव्हा त्यात रक्कम वडिलांना देण्याची तरतूद होती. असे असेल तर आपण विधेयकाला विरोध करू, असे त्यांनी सभागृहात बजावले. सरकारने सदस्यांना मनाप्रमाणे मत देण्याची मोकळीक दिली आणि रक्कम आईला मिळण्याचे ठरले. दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग असा हा भत्ता ऑगस्ट १९४६ मध्ये सुरू झाला. रॅथबोन त्याच वर्षी जानेवारीत वारल्या होत्या.

पण हा भत्ता सगळ्याच कुटुंबांना होता. काम करूनही गरीब राहणाऱ्या कुटुंबांसाठी स्वतंत्र योजना आली ती १९७१ मध्ये. आठवड्याला किमान ३० तास काम करणाऱ्याचे उत्पन्न ठरावीक पातळीपेक्षा कमी असेल, तर जितकी तूट तितक्याच्या निम्मी रक्कम सरकार देत असे. ज्यांना ती मिळू शकत होती त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास कुटुंबांनीच ती मागितली. आपण राबतो तरी सरकारपुढे हात पसरावा लागतो, ही भावना त्यामागे असणार. ती मला दर गुरुवारी समोरच्या खुर्चीत दिसते.

पुढचा संघर्ष मुलांच्या सर्वसाधारण भत्त्यावरून झाला. वडिलांच्या पगारावरील करात मुलांमागे मिळणारी सूट बंद करायची आणि त्याऐवजी प्रत्येक मुलामागे आईला रोख रक्कम द्यायची, असा कायदा १९७५ मध्ये झाला होता. १९७६ मध्ये मंत्रिमंडळाने तो गुपचूप बाजूला ठेवला, कारण पगाराचे पाकीट हलके झालेले पुरुष कामगारांना खपणार नाही अशी भीती होती. ती कागदपत्रे फुटली, बालदारिद्र्यावर काम करणाऱ्या संस्थेचे तेव्हाचे संचालक फ्रँक फील्ड यांनी ती साप्ताहिकातून लोकांपुढे आणली, आणि १९७७ पासून भत्ता टप्प्याटप्प्याने लागू करणे सरकारला भाग पडले. पुढे १९९७ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातील घरखर्चाची आकडेवारी तपासली. पैसा वडिलांच्या पाकिटातून आईच्या हाती गेल्यावर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरील खर्च वाढल्याचे त्यांना आढळले. आजीला हे सांगता आले असते तर तिला त्यात नवल वाटले नसते.

हाच प्रश्न काम करणाऱ्या गरीब कुटुंबांच्या मदतीबाबत १९८५ मध्ये पुन्हा निघाला. १९७१ च्या त्या योजनेच्या जागी फॅमिली क्रेडिट आणताना ती रक्कम पगारातूनच द्यावी असा सरकारचा प्रस्ताव होता. महिला संघटनांनी विरोध केला आणि हिशेबाचे ओझे नको म्हणून छोट्या मालकांनीही केला. सरकारने माघार घेतली आणि १९८८ पासून फॅमिली क्रेडिट आईला मिळू लागले.

त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी तीच कल्पना पुन्हा मांडली, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत विचार करायला लावणारा टप्पा हाच आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झालेले वर्किंग फॅमिलीज टॅक्स क्रेडिट आधीच्या योजनेपेक्षा निश्चितच उदार होते. ठरावीक मर्यादेच्या वर मिळवलेल्या प्रत्येक पौंडामागे पूर्वी ७० पेन्सची मदत कापली जाई, ती आता ५५ पेन्स कापली जाऊ लागली, आणि पाळणाघराच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंतचा भाग एका कमाल मर्यादेत मिळू लागला. सरकार भर घालते म्हणून मालक मजुरी खाली ओढतील, ही शंका या देशात १७९५ मध्ये बर्कशायरच्या न्यायाधीशांनी पावाच्या भावावर मजुरीची भर ठरवली तेव्हापासूनची आहे. तिलाही यावेळी काहीसे उत्तर होते, कारण ताशी ३ पौंड ६० पेन्सचे राष्ट्रीय किमान वेतन त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लागू झाले होते. एप्रिल २००० पासून मात्र ही मदत मालकाकरवी पगारातून देण्याची व्यवस्था झाली. काम केल्याचे फळ पगाराच्या चिठ्ठीवरच दिसावे आणि दयेचा डाग पुसला जावा, हा त्यामागचा विचार होता. तो हेतू खोटा होता असे मी म्हणणार नाही, कारण मान खाली घालून अर्ज भरणारी माणसे मी पाहते. तरीही एकाचा स्वाभिमान जपण्यासाठी दुसरीच्या हातातले पैसे काढून घेणे मला पटत नाही. विरोध झाल्यावर रक्कम कोणी घ्यायची हे जोडप्याने ठरवावे, अशी मुभा देण्यात आली. २००३ मध्ये या योजनेचे दोन भाग झाले आणि मुलांचा भाग पुन्हा मुलांची मुख्य देखभाल करणाऱ्याच्या खात्यात थेट जाऊ लागला. पण वर्षाच्या उत्पन्नावर आधारलेल्या त्या हिशेबात पहिल्याच वर्षी जवळपास एक तृतीयांश कुटुंबांना जास्त पैसे गेले, आणि खर्च होऊन गेलेले ते पैसे नंतर परत मागण्यात आले.

२०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटने घरभाडे, मुले, बेकारी आणि कमी पगार या सगळ्यांची मदत एकत्र केली. हिशेब महिन्याचा असतो. ज्याला दर चार आठवड्यांनी पगार मिळतो त्याला वर्षातून एकदा एकाच महिन्यात दोन पगार आलेले दिसतात आणि त्या महिन्यात मदत कोसळते. सुट्टीमुळे पगार एक-दोन दिवस आधी जमा झाला तरी मासिक पगारदारांचे असेच होत होते, आणि त्याविरुद्ध चार एकल मातांनी लढलेला खटला २०२० मध्ये अपील न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला. सगळे पैसे एकत्र आल्यामुळे ते एकाच खात्यात जाऊ लागले, आणि आईच्या नावाचा वेगळा भाग संपला. मुख्य देखभाल करणाऱ्याचे खाते द्यावे असे अर्जात सुचवलेले असते. ती नुसती सूचना आहे.

आपल्या मराठी कुटुंबांपैकी जे कामाच्या व्हिसावर येतात त्यांना यातले काहीच मिळत नाही. आमच्याही पहिल्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा हक्क नाही असे स्पष्ट छापलेले होते, आणि कर मात्र पहिल्या पगारापासून कापला जात होता. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावरच हे दार उघडते. शिवाय एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या किंवा पुढच्या मुलाला सहसा मदतीत धरले जात नसे. ती अट एप्रिल २०२६ पासून काढण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

मध्यंतरी असेच एक मराठी जोडपे आले होते. त्यांना नुकताच परवाना मिळाला होता. तो गोदामात रात्रपाळी करतो, ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात दुपारचे काही तास काम करते, आणि त्यांना दोन मुले आहेत. खात्याचा प्रश्न आला तसा तो म्हणाला, "माझंच घाला, भाडं माझ्या खात्यातून जातं." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अहो, भाडं महिन्यातून एकदा जातं. मुलांचं रोज काहीतरी असतं, आणि दर वेळी तुम्हाला झोपेतून उठवून पैसे मागायला मला बरं वाटत नाही."

त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. तिने पर्समधून कार्ड काढले आणि आकडे वाचायला सुरुवात केली. ते त्यानेच टाइप केले, आणि शेवटचे चार आकडे तिच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतले.