घाटेअळीला आजारी पाडायचं औषध

हरभऱ्याला घाटे लागायला लागले की आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, घाटेअळी. दुकानात गेलं की भारीतलं केमिकल हातात ठेवतात, पण एचएएनपीव्हीबद्दल कुणी आपणहून बोलत नाही, हे मला कधी पटलंच नाही. हा एक व्हायरस आहे, फक्त घाटेअळीच्या जातीलाच धरतो, माणूस, मधमाशी, गांडूळ कुणालाच काही करत नाही. फवारलेलं पान अळीने खाल्लं की तिच्या पोटातल्या अल्कलीत व्हायरसचं कवच विरघळतं आणि तो आत वाढत जातो, मग अळी खाणं सोडते, शेंड्याकडे चढते आणि तिथंच उलटी लटकून मरते, कातडी फुटून आतलं पाणी पानांवर सांडतं आणि त्यातून बाकीच्या अळ्यांना लागण होते! दिसायला किळसवाणं आहे खरं, पण मला तर बघून जाम बरं वाटतं.

आता अडचण अशी की अळी लगेच मरत नाही, चारपाच दिवस तरी जातात, तेवढा दम कुणाला नसतो. मोठ्या अळ्यांवर तर फारसा उपयोगच होत नाही, त्या बारीक असतानाच मारायचं. हेक्टरी ५०० एलई (लार्व्हल इक्विव्हॅलंट, म्हणजे किती रोगी अळ्यांइतका व्हायरस आहे ते मोजायचं माप) फवारायचं, तेपण संध्याकाळीच, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी व्हायरस खराब होतो, म्हणून टाकीत थोडी नीळ टाकतात. भर दुपारी फवारून वर "हे बायो-बियो काय कामाचं नाय" म्हणणाऱ्यांना काय बोलणार!